जशिंता उठली नाही

ख्रिस्तप्रसादाची रांग सुरू झाली आणि जशिंता जागेवरून उठली नाही.

आमच्या वसईकडच्या देवळात तेव्हा पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसत. मी माझ्या रांगेतून पुढे सरकत होतो. सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या बाकावरच्या बायका एकामागे एक बाहेर पडत होत्या. तिने पाय बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली आणि मान खाली घालून तशीच बसून राहिली. अख्ख्या बाकावर ती एकटी.

दुसरी कुणी असती तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. कुणी घरून निघताना चहा घेऊन उपास मोडलेला असतो, कुणाचं जावेशी भांडण झालेलं असतं. पण जशिंता रोज पहाटेच्या मिस्सेला, देवळातल्या उपासनेला, जाणारी बाई. वेदीवरची वस्त्रं घरी आणून धुणारी, इस्त्री करणारी. बाळंतपण सोडलं तर तिने कधी कम्युनियन, म्हणजे हा ख्रिस्तप्रसाद, चुकवलं नव्हतं.

माझ्या पुढे मातेस होता, आमचा शेजारी. तो मागे वळून हळूच म्हणाला, "इनास, बाई आजारी आहे काय तुझी?"

"पुढे बघ," मी म्हणालो.

घरी जाताना ती नेहमीसारखी दोन पावलं मागे होती. मी विचारलं, "बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"मग?"

"विनिताच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार आहेत दुपारी. कोंबडी साफ करून दे."

आमचं बोलणं असंच असायचं. कोंबडी, पाणी, पंप, लाइटचं बिल. जशिंताला देवाघरी जाऊन आता दोन वर्षं होत आली. भेटायला येणारी माणसं अजून म्हणतात, तुमच्या घरातून कधी मोठा आवाज आला नाही. खरंच आला नाही. तिने मला वेळेवर जेवायला वाढलं, माझ्या आईचं शेवटपर्यंत केलं, मुलगी वाढवली. पण तोवरच्या पंचवीस वर्षांत तिने कधी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसणं नाही, की मला काही दुखतं का ते विचारणं नाही. मी एखादी गंमत सांगितली तर ती ऐकायची आणि उठून जायची. मला बोलायला जमत नाही, तिला बोलायचं नाही, असं आमचं चाललं होतं.

तिचं सगळं देवळात होतं. पहाटे घंटा व्हायच्या आधी ती निघायची आणि परत यायची तेव्हा माहेराहून आलेल्या बाईसारखा तिचा चेहरा असायचा. तो चेहरा ती स्वयंपाकाला लागेपर्यंत टिकायचा. मी तोवर चहा करून ठेवायचो. ती कप उचलायची, मी तिच्याकडे बघायचो. मला त्याचा कधी राग आला नाही. घरात निदान एका माणसाला कुठेतरी बरं वाटतं, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून ती त्या रविवारी उठली नाही, तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो.

सोमवारी ती मिस्सेला गेली. मी तिच्या मागून गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. ती उठली नाही. मंगळवारीही नाही. परत आली की चेहरा कोरडा. चहाचा कप तसाच राहून त्यावर साय धरायची.

गावात बोलणं सुरू झालं. रोज कम्युनियन घेणारी बाई थांबते म्हणजे तिच्या हातून मोठं काहीतरी झालंय, आणि ते पापनिवेदनात सांगायचीही तिची तयारी नाही, असा सरळ हिशेब. विनिताचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. आमची एकुलती एक मुलगी. आमच्यात लग्नाच्या मिस्सेत आईबाप पहिल्या बाकावर बसतात आणि नवरा-नवरीच्या मागोमाग कम्युनियन त्यांना देतात. सगळं देऊळ बघत असतं.

विनिता रडकुंडीला आली. "पप्पा, माझ्या होणाऱ्या सासूने मला विचारलं, तुझी आई का थांबली. मी काय सांगू? तुम्ही तरी विचारा ना तिला."

"विचारतो."

"आजच विचारा. तुमचं 'विचारतो' मला माहीत आहे."

आम्ही सुकेळी करायचो. पिकलेली राजेळी केळी सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभर हे केलं की केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं. त्या दुपारी जशिंता मांडवाजवळ उभी राहून केळी उलटत होती. मी पलीकडच्या बाजूने उलटायला लागलो.

"काय झालंय, जशिंता?"

तिने पुढचं केळं उलटलं.

"तुझ्या हातून काही झालंय का?"

"नाही."

"माझ्या?"

"नाही." दोन-चार केळी उलटून झाल्यावर ती म्हणाली, "झालेलं काही नाही. एक गोष्ट व्हायची राहिली होती."

"कुठली?"

"तुझ्या बाजूची अजून ओली आहेत. आज झाकू नकोस, बुरशी धरेल."

मी पुढे विचारलं नाही. मला भीती होती ती वेगळीच. लग्नाआधी जशिंताला सिस्टर व्हायचं होतं. कॉन्व्हेंटात तिला घेणारही होते. तिची मैत्रीण एडना गेली आणि सिस्टर झाली. जशिंताच्या बापाने मात्र तिला जाऊ दिलं नाही, महिनाभरात माझ्याशी लग्न लावून दिलं. हे मला लग्नानंतर कळलं. आता विनिता सासरी जाणार. मग ही इथे कशासाठी राहील, हा विचार मला त्या दिवसांत झोपू देत नव्हता.

लग्नाला दहाएक दिवस उरले आणि जशिंताची रुजाय आत्या राहायला आली. ऐंशीच्या घरातली, तोंडात दात नाही, हातात काठी. आल्या आल्या तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जावई, वाळलास रे. केळी उन्हात घालतोस की स्वतःला?"

दुसऱ्या दिवशी लग्नाचे तांदूळ निवडायला शेजारच्या बायका आमच्या ओटीवर जमल्या. मी आत सामान लावत होतो. बाहेर बायकांचं हसणं चाललं होतं. मध्येच आत्याचा आवाज चढला.

"काय गो जशिंता, देवाशी कट्टी केलीस म्हणे?"

"तांदूळ निवड, आत्या."

"डोळे गेले माझे. खडा काय नि तांदूळ काय, मला सारखाच. जीभ तेवढी धड आहे. मी आल्यापासून ऐकतेय. देवळाच्या पायरीवर ऐकलं, मासळीवालीने सांगितलं. असं कसलं पाप गो, जे फादरच्या कानात घालता येत नाही?"

"आत्या, पुरे."

"पुरे काय? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. पहिल्या बाकावर खांबासारखी बसून राहशील तर व्याही काय म्हणतील? आमच्या घराण्यात असं कुणी—"

सूप खाली आपटल्याचा आवाज झाला. मी दारात आलो.

"पाप तुझं आहे, आत्या," जशिंता म्हणाली. "उपास मला घडतोय."

एक बाई हसली. तिला वाटलं थट्टा आहे. मग तिने जशिंताचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

"माझं?" आत्या म्हणाली. "मी काय केलं?"

"माझ्या लग्नात फादरनी विचारलं, तू स्वखुशीने ह्याला नवरा करतेस का. होय कोण म्हणालं?"

आत्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"सांग ना. आता जीभ कुठे गेली?"

"मी म्हणाले!" आत्या ओरडली. "मीच म्हणाले! मग काय करायचं होतं? तू दगडासारखी उभी. तुझा बाप मागे थरथर कापतोय, दारात बँडवाले उभे. अजून पाच श्वास गेले असते तर वरात नवरी न घेता परत फिरली असती. तुझ्या बापाने जीव दिला असता. मी तोंडावर पदर घेतला आणि म्हणाले, होय फादर. फादरना कानाने कमी ऐकू येत होतं. त्यांना होय मिळाला, तुला नवरा मिळाला. वाईट मिळाला काय गो? दारू पीत नाही, हात उचलत नाही. आणि आज पंचवीस वर्षांनी तू मला विचारतेस?"

जशिंताने तिच्याकडे पाठ केली. ती माझ्याकडे वळली.

"तू ऐकलं होतंस?"

ओटीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी ऐकलं होतं. त्या रविवारी आमच्या देवळात चार लग्नं होती. उपासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून तो लागायच्या आधी सगळ्यांची घाई. वेदीपुढे चार जोडपी ओळीने उभी होती आणि म्हातारे फादर एकेका जोडप्याला विचारत पुढे जात होते. आमची पाळी आली. मी माझं म्हणालो. मग तिला विचारलं आणि आवाज आला तो तिच्या पाठीमागून. जरा घोगरा. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, तिचे ओठ हलले नाहीत ते मी पाहिलं. फादर पुढच्या जोडप्याकडे गेले.

"ऐकलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"मला वाटलं, लाजलीस."

"आणि नंतर?"

"नंतर विचारायचा धीर झाला नाही."

ती आत गेली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक करून पदर सावरत निघाल्या. तांदूळ अर्धे निवडलेले तसेच राहिले. आत्या एकटीच काठीवर हनुवटी टेकून बसली होती. मला म्हणाली, "जावई, मी वाईट केलं का रे?" मी खाली पडलेलं सूप उचलून ठेवलं.

संध्याकाळी जशिंता आणि मी फादर रेमंडना भेटायला गेलो. तरुण फादर, वर्षभरापूर्वीच आमच्या गावात आलेले. लग्न ठरलेल्या मुलामुलींचे वर्ग तेच घ्यायचे. एका वर्गाला मुलींच्या आयांनाही बोलावलं होतं. तिथे त्यांनी सांगितलं होतं, की लग्न फादर लावत नाही, बँड लावत नाही, मांडव लावत नाही. ते दोघांच्या होकाराने लागतं. तो होकार दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आईबापालासुद्धा नाही. जशिंता विनिताच्या शेजारी बसून हे ऐकत होती. पुढच्या रविवारपासून ती बाकावरून उठली नाही.

सगळं ऐकून फादर घाबरले. "पण मावशी, मी ते मुलांसाठी बोलत होतो!"

"खरं होतं ना पण?"

"खरं आहे. तरी तुमचा दोष नाही त्यात. चर्चच्या दप्तरी तुमचं लग्न पक्कं आहे. तुम्ही कम्युनियन घ्या. मी सांगतो, घ्या."

"फादर, दप्तरात काय आहे ते मला माहीत नाही," जशिंता म्हणाली. "मी म्हटलं नाही, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं वाटायचं, बायकांचं असंच होत असणार. आता कळल्यावर मी कुठल्या तोंडाने पुढे येऊ? तिथे खोटं बोलायला मला नाही जमणार. मला दुसरी कुठली जागाच नाही, फादर. तिथेसुद्धा खोटं बोलू?"

हे बोलताना तिचा आवाज फुटला. मी तिला माझ्या आईच्या मयतातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

फादरनी जरा विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, सोपं आहे. उद्या सकाळी मिस्सा झाली की वेदीमागच्या साक्रिस्तीत या. दोन साक्षीदार घेऊ. मी पुन्हा विचारतो, तुम्ही दोघं होय म्हणा. दोन मिनिटांचं काम. विनिताच्या लग्नाआधी सगळं मोकळं."

मी जशिंताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं. ती तशीच उभी राहिलेली मी एकदा पाहिली होती.

"नको, फादर," मी म्हणालो.

फादर चमकले. "नको? तुमची तयारी नाही?"

"माझी आहे. माझं तेव्हाही होतं. पण उद्या नको. तेव्हा आमची वरात दारात होती म्हणून घाई झाली. आता विनिताची आहे. पुन्हा तेच होईल."

जशिंताने मान वर केली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

"मला एवढंच सांगा, फादर. होय न म्हणता तिला कम्युनियन घेता येईल, असं काही आहे का?"

फादर लाजले. टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. "म्हणजे... तोवर भावाबहिणीसारखं राहायचं. एका घरात राहिलं तरी चालेल. पण तसं."

"राहीन."

"इनासभाऊ, मी सगळं सांगितलं पाहिजे. मावशींची इच्छा असेल तर बिशपांकडे अर्जही करता येतो. चौकशी होते. लग्न मुळात झालंच नाही असं ठरलं, तर त्या मोकळ्या होतील. कुठेही जायला."

"तेही तिलाच विचारा," मी म्हणालो. "पण मी बाहेर गेल्यावर."

बाहेर येऊन मी क्रुसाजवळच्या कठड्यावर बसलो. ती बऱ्याच वेळाने आली. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

त्याच दिवशी मी माझं अंथरूण उचललं आणि केळी पिकत घालायच्या खोलीत नेलं. आत्या बघत होती. "कुठे निघालास रे?"

"तिकडे झोपतो."

"या वयात रुसवेफुगवे? केळ्यांबरोबर तूपण पिकशील मेल्या!"

थोड्या वेळाने जशिंता दारात आली. हातात गोधडी. "गारठा आहे," ती म्हणाली आणि गोधडी उंबऱ्यावर ठेवून गेली.

रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ती उठली. मातेस माझ्या पुढेच होता, त्याने माझ्या बरगडीत कोपर मारलं. विनिताच्या लग्नात आम्ही दोघं पहिल्या बाकावरून बरोबर उठलो. सगळ्यांना वाटलं, काय असेल ते मिटलं. व्याही खूश, विनिता खूश. माझं काहीच मिटलं नव्हतं. मीच दार उघडून ठेवलं होतं आणि त्या दारातून ती कधी निघते, याची वाट बघत होतो.

विनिता गेल्यावर घर अंगावर यायला लागलं. आत्या तिच्या गावी गेली. मी खोलीत झोपायचो, सकाळी चहा करायचो. जशिंता मिस्सेहून आली की कप घ्यायची. एकदा कप घेताना ती म्हणाली, "घोरतोस तू. भिंतीतून ऐकू येतं. इतकी वर्षं कळलंच नाही मला."

"शेजारी झोपायचीस तेव्हा?"

"तेव्हा मी ऐकत नव्हते."

मी हसलो. तीही जराशी हसली. त्या दिवशी मी मांडवावर काम करत होतो तेव्हा ती आपणहून बाहेर येऊन बसली आणि लहानपणी एडना आणि ती कॉन्व्हेंटच्या भिंतीवर चढून आत कशा बघायच्या ते सांगत राहिली. मी केळी उलटायची विसरलो. असं चारपाच वेळा झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला धडकी भरायची. माणूस जायच्या आधी असं मोकळं बोलतो.

आणि उपासकाळ लागला तशी ती म्हणालीच. "मी जरा एडनाकडे जाऊन येते. नाशिकला."

"किती दिवस?"

"बघू."

मी तिला स्टँडवर सोडलं. तिने पेटी घेतली होती, लग्नात आणलेली लोखंडी. जरा जाऊन यायचं तर पिशवी पुरते. मी पेटी बसच्या टपावर चढवली. तिने खिडकीतून पाहिलं. बस गेली.

गावाला मी सांगितलं, बहिणीसारखी मैत्रीण आहे, आजारी आहे. मातेस म्हणाला, "मग नर्सला बोलवायचं, जशिंताला कशाला?" मी घरात जाऊन दार लावलं. संध्याकाळी एकटाच रोजरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसायचो. ती असताना एक बाजू मी म्हणायचो, उरलेली ती. आता दोन्ही बाजू मीच. मला प्रार्थनेत कधी फार गोडी नव्हती. पण त्या दिवसांत मी ती सोडली नाही, कारण त्या वेळी तीही तिकडे तीच म्हणत असणार हे मला ठाऊक होतं. तेवढा वेळ बरं वाटायचं. ती रोज पहाटे कशाला धावत जायची, ते मला थोडं कळायला लागलं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी मांडवावर होतो. फाटक वाजलं. ती पेटी ओढत आत आली. पेटी तिथेच टाकून सरळ मांडवाजवळ गेली आणि एक केळं दाबून पाहिलं.

"काय केलंस हे? किती दिवस उलटली नाहीस?"

"उलटली होती."

"हे बघ. खालून काळी पडलीत."

ती पदर खोचून उलटायला लागली. मी उभाच. मग तिने मान वर न करता सांगितलं, "चांगली आहे तिथली जागा. शांत. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. एडना म्हणाली, राहा. स्वयंपाकघरात बाई हवीच आहे. मीही म्हटलं, राहते." तिने एक केळं उचलून बाजूला टाकलं. "चॅपलमध्ये बसायचे. आयुष्यभर मला तिथेच बसायचं होतं. आणि बसलं की डोक्यात यायचं, त्याने केळी उलटली असतील का. खोलीत डास असतील, जाळी लावली असेल का. मी देवाला म्हटलं, हे काय चाललंय?"

"मग?"

"मग काय? हे बघ, हेपण काळं."

त्या दिवशीही मी खोलीतच झोपलो.

ईस्टर होऊन गेला. त्या आठवड्यात एका पहाटे तिने खोलीचं दार वाजवलं. "उठ. आंघोळ कर. अंगाला केळ्यांचा वास येतोय."

"कुठे जायचंय?"

"देवळात. फादरना सांगून ठेवलंय."

मिस्सेनंतर आम्ही साक्रिस्तीत गेलो. छोटी खोली, कपाटात फादरांची वस्त्रं, मेणाचा वास. एक साक्षीदार देवळाचा घंटा वाजवणारा पेद्रू. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून, रुजाय आत्या.

"हिला का आणलंस?" मी हळूच विचारलं.

"ऐकायला," जशिंता म्हणाली. मग आत्याकडे वळली. "आत्या, आज तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडतेय?" आत्या म्हणाली. तरी तिने पदर तोंडावर धरला आणि वरून हात दाबला.

फादरनी पुस्तक उघडलं. पहिल्यांदा तिला विचारलं. सावकाश, एकेक शब्द. तू स्वखुशीने आलीस का. कुणाच्या दबावाखाली नाही ना. ह्याला नवरा म्हणून स्वीकारतेस का.

ती गप्प.

मी फरशीकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्या झाडूचा आवाज येत होता. फादर थांबले. पेद्रूने पाय बदलला. आत्याच्या घशातून बारीक आवाज निघाला आणि तिने हात आणखी दाबला. माझ्या मनात आलं, झालं. ती म्हणणार नाही. ती फक्त खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायला आली आहे.

"होय," जशिंता म्हणाली.

एवढ्या मोठ्याने, की बाहेरचा झाडू थांबला.

आत्याने तोंडावरचा पदर काढला. डोळे पाण्याने भरलेले. "मेले, गावाला सांगतेस काय?"

फादर हसले आणि माझ्याकडे वळले. तेच प्रश्न मला विचारले. मी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. पंचवीस वर्षांपूर्वी मी हे पटकन म्हणून मोकळा झालो होतो. फादर थांबले. मी पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास आला.

जशिंता वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, चेहऱ्यावरून नजर न काढता.

"काय रे," ती म्हणाली, "आत्याला सांगू का म्हणायला?"